मोडलेली वाट

सकाळची मिस्सा आटोपल्यावर अर्धा-पाऊण तास पायी फिरून यावे, ही माझी फार जुनी सवय. डॉक्टर मंडळी या सवयीची स्तुती करतात. परंतु मला ती प्रकृतीच्या काळजीने लागली नाही. ती लागली वडिलांच्या मागोमाग चालताना. रविवारी पहाटेच्या मिस्सेला आम्ही घरून अंधारातच निघत असू. वडिलांच्या हातात कंदील, आईच्या हातात धाकट्या बहिणीचे बोट आणि सर्वांच्या मागे मी. वाट सरळ नव्हती. ती आमच्या केळीच्या वाडीतून निघे, शेजाऱ्यांच्या पानवेलीच्या मांडवाला वळसा घाली, बावखलाच्या काठाने जाई आणि तीन परक्या वाड्या ओलांडून चर्चच्या रस्त्याला लागे. प्रत्येक वाडीच्या कुंपणाला एक लहानसे कवाड असे. ते उघडून आत जायचे आणि मागचा माणूस आत आला की पुन्हा लावून घ्यायचे. शेवटचा मी असल्यामुळे कवाड लावण्याचे काम माझ्याकडे असे.

एकदा मी वडिलांना विचारले, "ही वाडी त्यांची आहे, मग आपण हिच्यातून कसे जातो?" वडील म्हणाले, "वाडी त्यांची, वाट सगळ्यांची. फक्त कवाड लावायला विसरू नकोस." त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते. पुढे गोरेगावच्या सेमिनरीत मी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांची सात-आठ वर्षे शिकलो. मालमत्ता आणि समाजहित यांविषयी चर्चची शिकवण काय आहे, यावर निबंधही लिहिला. परंतु वडिलांच्या त्या एका वाक्यात जे होते त्याहून अधिक मी त्या निबंधात काही लिहिले असेन, असे आज वाटत नाही. आणि जे मी लिहिले ते मला समजले होते, असेही म्हणवत नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

२०१९ सालच्या जानेवारीत आमच्या धर्मग्रामातील तरुण-तरुणींना घेऊन एक पदयात्रा काढावी, असे माझ्या मनात आले. आपली मुले सुट्टीत महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात; परंतु ज्या भूमीत आपले आजे-पणजे राबले त्या वसईची ओळख त्यांना गाडीच्या खिडकीतून होते तेवढीच. म्हणून ठरवले की, वसईच्या किल्ल्यापासून निघायचे आणि गिरीज, भुईगाव, निर्मळ, गास असे करत सोपाऱ्याच्या स्तूपापाशी पोहोचायचे. शक्य तेथे डांबरी रस्ता टाळायचा आणि आडवाटा धरायच्या. सत्तावीस जण तयार झाले. प्रत्येकाने भाकरी किंवा पाव, सोबत सुकेळी आणि पाण्याची बाटली घ्यावी, एवढीच अट होती.

किल्ल्यात आम्ही पोहोचलो तेव्हा नुकते उजाडले होते. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली आणि १७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे पाच वर्षांत या तटबंदीच्या आत एक संपूर्ण नगर नांदले. आज चर्चच्या भिंतींवर वडा-पिंपळाची मुळे उतरली आहेत. तरी सेंट जोसेफच्या मनोऱ्याखाली उभे राहून मान वर केली की, त्या नगराच्या वैभवाची कल्पना येते. येशूसंघीयांच्या पडक्या चर्चपाशी मी मुलांना संत गोन्सालो गार्सियांची कथा सांगितली. सुमारे १५५७ मध्ये वसईत जन्मलेला, येथेच येशूसंघीयांच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा जपानमध्ये गेला, फ्रान्सिस्कन संघाचा बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर हुतात्मा झाला. १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले.

ही कथा आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु त्यातील एक तपशील आपण सहसा सांगत नाही. या हुतात्म्यांपैकी बहुतेकांच्या डाव्या कानाचा तुकडा क्योतो येथे कापण्यात आला आणि त्यांना तेथून नागासाकीपर्यंत भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर मुख्यतः पायी नेण्यात आले. लोकांना दहशत बसावी, हा त्या धिंडीचा हेतू होता. क्रुसावरील मरण काही घटकांचे; चालणे मात्र महिनाभराचे. "आज पाय दुखू लागले तर आपल्या गावच्या त्या मुलाची आठवण ठेवा," असे मी म्हणालो. मुले हसली. पण दुपारी त्यांतल्याच एकाने बोटांना फोड आल्यावर मला तेच वाक्य ऐकवले, तेव्हा मीही हसलो.

किल्ल्यातून निघताना चर्चच्या घंटांचा विषय निघाला. वसई पडल्यावर येथील चर्चमधील घंटा मराठी सरदारांनी घाटावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर असलेली घंटा आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटा या त्यांपैकीच समजल्या जातात. पहिलीवर १७२१ आणि दुसरीवर १७०७ असे साल आहे. एक मुलगी थोड्या रागानेच म्हणाली, "फादर, त्या आपल्या घंटा परत मागायला नकोत का?" मी तिला म्हटले, "मेणवलीला मी ती घंटा पाहून आलो आहे. तिच्यावर पवित्र मरियेची आणि बाळ येशूची आकृती अजून स्पष्ट दिसते. गावातल्या लोकांनी ती पुसून टाकलेली नाही. आपल्या वस्तूची परक्याने अशी निगा राखावी, हेही काही थोडे नाही." हे वाक्य बोलताना मला स्वतःचे फार कौतुक वाटले होते, हे कबूल करतो. दुसऱ्याच्या औदार्याविषयी बोलणे नेहमीच सोपे असते.

गिरीजची डोंगरी तशी लहान. चढायला वेळ लागत नाही. मराठ्यांच्या वसई मोहिमेच्या काळातील वज्रगड तो हाच. वर दत्ताचे देऊळ आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा देवळातील गृहस्थांनी आमच्याकडे कोण, कुठले अशी चौकशी केली आणि पाणी दिले. तेथून वसई अशी दिसते की, नकाशाच कुणी पायापाशी उलगडून ठेवला आहे. पश्चिमेला समुद्राची रेघ. अलीकडे माड, केळी आणि भाजीचे हिरवे तुकडे. त्यांच्या मधून डोके काढणारे चर्चचे मनोरे आणि देवळांचे कळस. पूर्वेला तुंगारेश्वर आणि कामणदुर्ग. ईशान्येला विरारचा जीवदानीचा डोंगर. आणि या हिरव्या पटाला दरवर्षी पुढे सरकत येणारी इमारतींची करडी किनार. मी तरुण असताना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा ही हिरवळ राखण्यासाठी माणसे हजारोंनी रस्त्यावर उतरली होती. मीही त्यांत होतो. मुलांना मी ते सारे अभिमानाने सांगितले.

डोंगरी उतरून भुईगावकडे निघालो तेव्हा आमची खरी परीक्षा सुरू झाली. गावातील एका वृद्ध शेतकऱ्याने आडवाट कशी जाते, ते समजावून सांगितले होते. परंतु ती वाट तीन ठिकाणी संपली. एके ठिकाणी बंगल्याची भिंत, एके ठिकाणी तारेचे कुंपण आणि एके ठिकाणी बावखल बुजवून केलेला भराव. बावखल म्हणजे काय, हे आमच्यापैकी काही मुलांना सांगावे लागले. वाडीतील हे गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे; त्यामुळे समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोडे राही. रहाट त्याच्यावरच चाले. बावखल बुजले की पाणी जाते आणि त्याच्या काठाने जाणारी वाटही जाते. आम्ही प्रत्येक वेळी मागे फिरून डांबरी रस्त्याला लागलो. मुले म्हणू लागली, "वाट मोडली, फादर." हा आपल्या भाषेतील किती अचूक शब्दप्रयोग आहे! वाट कुणी फोडत नाही. चालणारी पावले थांबली की ती मोडते.

भुईगावात १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. निर्मळला तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानले जाणारे देऊळ आहे आणि तेथून जवळच पवित्र क्रुसाचे चर्च. कार्तिकात भरणाऱ्या निर्मळच्या जत्रेला जाताना आमच्या लहानपणी कुणी कुणाचा धर्म विचारीत नसे. गासला संत गोन्सालो गार्सियांच्या नावाच्या चर्चमध्ये आम्ही रोझरीचा एक दशक म्हटला आणि दिवस कलताना सोपाऱ्याला पोहोचलो.

सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. एके काळचे मोठे बंदर. येथील 'बुरूड राजाचा कोट' नावाचे टेकाड १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप आहे, हे सिद्ध झाले. आत दगडी पेटी होती. तिच्यात बुद्धांच्या आठ धातुमूर्ती आणि मध्ये तांब्याचा करंडक. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भांड्याच्या काही ठिकऱ्या. ते भगवान बुद्धांचे भिक्षापात्र असावे, अशी श्रद्धा होती. सोन्याच्या पोटात माती! गावोगाव पायी हिंडून ज्याने भिक्षा मागितली, त्याची आठवण म्हणून माणसांनी जपून ठेवले ते त्याचे मडके. मला आपल्या वेदीवरील चषक आणि त्यातील साध्या भाकरीची, द्राक्षारसाची आठवण झाली.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचाही तुकडा सापडला. या लेखाचा पूर्ण मजकूर गिरनार आणि इतर ठिकाणच्या प्रतींवरून कळतो. त्याचा आशय असा की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. शिकार आणि तशीच मौज करीत. अशोक आपल्या राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिवृक्षाच्या स्थानी गेला आणि तेव्हापासून त्याच्या विहारयात्रांच्या जागी धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत तो ब्राह्मण आणि श्रमण यांना भेटे, वृद्धांची भेट घेऊन त्यांना साहाय्य करी, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोले. चालणे तेच, रस्ते तेच. एका यात्रेत माणूस देखावे पाहतो, दुसऱ्या यात्रेत माणसे पाहतो.

स्तूपाच्या पायथ्याशी बसून मी मुलांना हे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणालो, "आज आपली धर्मयात्रा झाली." मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रार्थना करून आम्ही बसने परतलो.

माझा पुढचा अनुभव त्याच संध्याकाळचा आहे. चर्चच्या एक थांबा अलीकडेच मी बसमधून उतरलो. मन प्रसन्न होते. आणखी थोडे चालावे असे वाटले. रस्त्याला पदपथ नव्हता. समोरून एक डंपर आला म्हणून मी बाजूच्या चरात उतरलो, तर तेथे माझ्याआधी एक वृद्ध स्त्री उतरून उभी होती. डोक्यावर काटक्यांची मोळी. एका हाताने मोळी सावरलेली, दुसऱ्या हाताने पदर तोंडावर धरलेला. मी तिला ओळखले. चर्चच्या पलीकडे शेतांच्या बाजूला एक लहानसा आदिवासी पाडा आहे, ती तेथली. तिनेही मला ओळखले.

"आजी, एवढ्या लांबून येता?" मी विचारले.

"आता हितनंच येते, फादर. तिकडं भिंत झाली ना."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पाऊस उशिरा आला, असे सांगावे तसे तिने ते सांगितले. मग थोडे थांबून ती म्हणाली, "चालायचं काय नाय. पण मोळी उतरायला तुमच्या क्रुसाचा वटा होता. आता मधी कुठं टेकायला जागा नाय, एवढंच."

डंपर गेला. धूळ खाली बसली. ती चरातून वर आली आणि चालू लागली. मी तेथेच उभा राहिलो.

ती भिंत मी बांधली होती.

२०१४ साली मी त्या धर्मग्रामात येऊन वर्ष झाले होते. चर्चच्या मागची नारळीची बाग उघडी होती. पाड्यावरून मुख्य रस्त्याकडे जाणारी एक पायवाट या बागेतून, जुन्या दगडी क्रुसाजवळून जात असे. नारळ चोरीला जात, शेळ्या आत शिरत, रात्री कुणीबुनी पिऊन बसे. चर्चच्या जमिनीवर अतिक्रमण होईल, ही भीती तर सगळ्यांनाच होती. आणि वसईत ती भीती निराधार नाही. कायदा जाणणाऱ्या एका हितचिंतकाने मला सांगितले की, १८८२ सालच्या सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे एखादी वाट लोकांनी वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरली, तर तो त्यांचा वहिवाटीचा हक्क ठरू शकतो. "म्हणून वेळीच बंद करा." धर्मग्राम परिषदेने एकमताने ठराव केला. भाविकांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. सात फूट उंच भिंत उभी राहिली. ती पूर्ण झाली त्या रविवारी मी वेदीवरून सर्वांचे आभार मानले.

क्रूस भिंतीच्या आत आला. त्याचा चौथरा छातीइतका उंच होता आणि त्याची एक कड झिजून गुळगुळीत झाली होती. ती का झिजली, हे मी कुणाला विचारले नाही. जुने बांधकाम आहे, दुरुस्त केले पाहिजे, एवढेच मनात आले आणि मी त्यावर नव्या फरश्या बसवून घेतल्या. ती कड पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे भारे टेकून झिजली होती. कष्टी आणि भाराक्रांत माणसांना आपल्याकडे बोलावणाऱ्या प्रभूच्या क्रुसापाशी त्या स्त्रिया अगदी शब्दशः आपला भार उतरवीत होत्या. त्यांना शुभवर्तमानातील ते वचन ठाऊक नव्हते, मला पाठ होते. आणि त्यांच्या व क्रुसाच्या मध्ये मी भिंत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणी पाहत नाही असे बघून, मी दोन्ही वाटांनी चाललो. बागेतून पाड्याच्या तोंडापासून रस्त्यापर्यंत चारशे दहा पावले. भिंतीला वळसा घालून, डंपरच्या रस्त्याने, एकोणीसशे पावले. पाच वर्षे ती म्हातारी आणि तिच्यासारख्या इतर बाया ही जास्तीची पावले चालत होत्या. सोपाऱ्याच्या स्तूपापाशी मुलांना धर्मयात्रेचा अर्थ सांगणारा मी! वसईभर हिंडून मोडलेल्या वाटा मोजल्या. चर्चच्या मागे मोडलेली वाट मात्र पाच वर्षांत एकदाही दिसली नाही. दुसऱ्याची भिंत दिसते. स्वतःची भिंत 'सुरक्षितता' या नावाने ओळखली जाते.

गावनकाशा मागवून पाहिला. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवण्याची सरकारी रीत आहे. नकाशावरच्या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. आमच्या बागेत अशी रेषा नव्हती. म्हणजे कागदोपत्री आम्ही काहीच चुकीचे केले नव्हते. खरे सांगायचे तर, तशी रेषा सापडली असती तर मला बरे वाटले असते. मग कायद्याने वाट उघडावी लागली असती आणि मला कुणाचे मन वळवावे लागले नसते.

परिषदेच्या बैठकीत मी विषय मांडला तेव्हा शांतता पसरली. ज्यांनी देणग्या दिल्या होत्या तेच समोर बसले होते. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "फादर, भिंत बांधा म्हणालात तेव्हा आम्ही बांधली. आता तुम्हीच पाडा म्हणता. उद्या तुमची बदली होईल. जमीन आम्हाला राखायची आहे." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या लोकांनी मोलमजुरी करून, दागिने गहाण टाकून चर्चच्या जमिनी राखल्या आहेत. त्यांच्या भीतीला स्वार्थ म्हणून मोकळे होण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्यांना फक्त त्या म्हातारीचे बोलणे आणि पावलांचे दोन आकडे सांगितले. मग ज्या बाई परिषदेत फारसे बोलत नसत त्या म्हणाल्या, "माझी सासू वाडीतला भाजीचा भारा त्याच वट्यावर टेकवायची. त्या पाड्यावरच्या बायांनीच तिला हात दिलेला मी पाहिला आहे." त्यानंतर चर्चेचा सूर बदलला.

तीन बैठकींनंतर तडजोड झाली. भिंतीत दोन ठिकाणी अडीच फुटांची फट ठेवायची. तेथे दगडी खांब असा रोवायचा की, माणूस भाऱ्यासह तिरका होऊन जाईल, पण गुरे जाणार नाहीत. आणि ही वाट चर्चच्या परवानगीने आहे, हक्काने नाही, असा फलक लावायचा. हा शेवटचा मुद्दा मी मान्य केला. त्यावाचून वाट उघडली नसती. परंतु तो आजही मनात सलतो. पिढ्यान्‌पिढ्या जे त्यांचे होते, ते आम्ही त्यांना उपकार म्हणून परत दिले.

राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी यशया संदेष्ट्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातील वाचन असते. भुकेल्याला आपले अन्न देणाऱ्याला, पीडिताची निकड भागवणाऱ्याला लोक वाटा पुन्हा नीट करणारा म्हणून ओळखतील, असा त्याचा आशय आहे. भिंत बांधल्यानंतरची चार वर्षे मी हे वाचन दर वर्षी वेदीवरून ऐकले होते, त्यावर प्रवचनेही केली होती. पाचव्या वर्षी, मार्च २०१९ मध्ये, ते ऐकताना मला मान वर करवेना. फटीचे काम त्याच आठवड्यात सुरू झाले होते.

वाट उघडली. पण आश्चर्य असे की, तिच्यावरून कुणी येईना. पाड्यावर मी स्वतः जाऊन सांगून आलो. बायांनी मान हलवली आणि त्या डांबरी रस्त्यानेच जात राहिल्या. पाच वर्षांत मुलांना ती वाट माहीतच राहिली नव्हती. आणि ज्यांना एकदा बंद दार दिसले, त्यांनी पुन्हा त्या दाराशी का यावे? बागेत गुडघाभर गवत माजले होते. तेव्हा माझ्या लक्षात आले की, भिंत फोडली म्हणून वाट होत नाही; वाट पडावी लागते. मी रोज सकाळी मिस्सेनंतर पूर्वीच्या रस्त्याने फिरायला जाण्याऐवजी बागेतून पाड्याच्या तोंडापर्यंत आणि परत असे चालू लागलो. क्रुसाच्या चौथऱ्यावरील घसरड्या फरश्या काढून टाकल्या. पावसाळ्यापर्यंत गवतात एक पुसटशी रेघ दिसू लागली. पहिल्या पावसानंतर एके दिवशी चिखलात माझ्या वहाणांच्या शेजारी लहान, अनवाणी पावले उमटलेली दिसली. शाळेत जाणारी मुले असावीत.

ती वृद्धा मात्र त्या वाटेने एकदाच आलेली मी पाहिली. तिचे गुडघे तोवर फार दुखू लागले होते आणि मोळी आणणे तिने सोडले होते. ती नातीबरोबर आली, क्रुसाच्या चौथऱ्यावर तळहात टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. आमचे बोलणे झाले नाही. माझ्या मनात क्षमा मागावी असे होते. परंतु तिने माझ्यावर रागच धरला नव्हता, तेव्हा क्षमा मागण्याचे समाधानही तिने मला मिळू दिले नाही. कदाचित तेच योग्य असेल.

पुढे माझी बदली झाली. त्या वाटेवर माझा आता अधिकार नाही आणि ती उघडी राहील की नाही, हे तेथील भाविकांच्या हाती आहे. नव्या धर्मग्रामात येताच मी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट केली. चर्चच्या जमिनीच्या चारी कडांनी चाललो आणि शेजाऱ्यांना विचारले, "पूर्वी येथून कोण जात असे?"

वाचकहो, आपल्या वसईतील या वाटांनी तुम्ही जरूर चाला. मुलांना किल्ला दाखवा, गिरीजच्या डोंगरीवर न्या, सोपाऱ्याचा स्तूप दाखवा. त्यांत मोठा आनंद आहे आणि तो निर्मळ आनंद आहे. एका दिवसाच्या चालण्यात बावीसशे वर्षांचा इतिहास पायाखालून जातो, असे भाग्य फार थोड्या मुलखांना लाभले आहे. परंतु घरी परतल्यावर आणखी शंभर पावले चाला. आपल्या वाडीभोवती, आपल्या सोसायटीभोवती, आपल्या चर्चभोवती. प्रेषितांच्या काळी ख्रिस्ती लोकांना 'त्या मार्गाचे लोक' म्हणून ओळखत. ज्या मंडळींचे पहिले नावच वाटेवरून पडले, त्यांच्या कुंपणापाशी कुणाची वाट मोडू नये.

वडिलांनी मला कवाड लावायला शिकवले होते. ते मी नीट शिकलो. परंतु कवाड लावून घेण्याआधी मागे वळून पाहायचे असते, मागून कुणी येत नाही ना, याची खात्री करायची असते. तो धड्याचा पहिला भाग मात्र मी बरीच वर्षे विसरून गेलो होतो.